दर्शनी बंदोबस्त

वर्कशॉपला पुढून शटर आणि मागून पत्रा, ही आमच्या नगर जिल्ह्याची स्वतःची बांधकामशैली आहे. (2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या, पत्रे तेच राहिले.) हेमाडपंती देवळांवर जाडजूड ग्रंथ निघाले, पण या शैलीवर कोणी चार ओळी लिहिल्याचं ऐकिवात नाही. तिची कदर फक्त चोरांनी करावी, हे काही बरं दिसत नाही. म्हणून हा गौरव.

राहुरी, नेवासा, शेवगाव, श्रीगोंदा, कुठल्याही तालुक्यात डांबरी रस्त्याने निघा. फाट्यावर चहाची टपरी, शेजारी खताचं दुकान आणि त्याला लागून फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. पुढे अर्धवट झालेली ट्रॉली, जोडायला आलेला नांगर आणि रंग द्यायचं राहिलेलं एक गेट, ज्याचा मालक दर सोमवारी येऊन चौकशी करून जातो. आत वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल, चेनकप्पी. मिस्त्रीचा मेहुणा मोटारी रिवायंडिंग करत असेल, तर कोपऱ्यात तांब्याच्या तारेची भेंडोळी.

पुढचा बंदोबस्त पाहून छाती भरून येते. शटरला दोन बाजूंना दोन कुलपं, मधे सेंट्रल लॉक, त्यावर आडवी लोखंडी पट्टी आणि पट्टीला आणखी एक कुलूप. वर कॅमेरा. कॅमेऱ्याखाली ‘आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात’ अशी पाटी, पाटीखाली लिंबू-मिरची, आणि एवढ्यातूनही काही निसटलंच तर काळी बाहुली. रात्री साडेआठला मिस्त्री ही सगळी कुलपं क्रमाने लावतो, प्रत्येक कुलूप दोनदा ओढून पाहतो, शटरला हात लावून नमस्कार करतो आणि गाडीला किक मारतो.

मागे अँगलचा सांगाडा आणि त्यावर पत्रे. पत्रा अँगलला ज्या जे-हूकने आवळलेला असतो, त्याचा वाकडा भाग आत अँगलला अडकतो आणि नट बाहेर राहतो. रचनाच तशी आहे. पत्रा ठोकणारा छपरावर बसून नट आवळतो, म्हणून नट वर. नटाखाली डांबरी वॉशर असतो, कारण पाऊस आत येता कामा नये. पावसाला पाना चालवता येत नाही, त्यामुळे त्याचा बंदोबस्त पक्का झाला. ज्याला येतो त्याला 13 नंबरचा पाना पुरतो. चार-सहा नट ढिले केले की पत्रा बाजूला. आवाज नाही, तोडफोड नाही, शेजाऱ्यांची झोपमोड नाही. सकाळी मिस्त्री सगळी कुलपं क्रमाने उघडतो, शटर वर करतो, आणि आज आत उजेड जरा जास्त आहे हे त्याच्या लक्षात येतं.

याला कोणी गाफीलपणा म्हणेल. पण बंदोबस्त चोरासाठी करायचा असतो, ही शहरी समजूत झाली. गावात तुमचं वर्कशॉप बघायला येतं कोण? पतसंस्थेचा वसुलीवाला, पोरगी बघायला आलेले पाहुणे आणि समोरच्या बाजूला नवं वर्कशॉप टाकलेला भावकीतला माणूस. हे सगळे पुढून येतात. मागून येणारा एकटा चोर. त्याच्यासाठी पैसे घालून मिळणार काय? तो थोडाच चार लोकांत सांगणार आहे की यांचं काम एकदम पक्कं आहे म्हणून!

शिवाय वर्कशॉपवाला चोराशी ज्या मोकळेपणाने वागतो, तसा दुसरा कुठलाच धंदेवाला वागत नाही. सराफाचं दुकान फोडायचं तर कटावणी, पहार, कटर सगळं घरून न्यावं लागतं. रस्त्यात गस्तीच्या गाडीने अडवलं तर या वेळेला पहार कशाला, याचं उत्तर द्यावं लागतं. वर्कशॉपवर मोकळ्या हाताने जावं. पहार दारातच असते. घण ऐरणीशेजारी पडलेला असतो. जॅक ट्रॉलीखाली लावलेलाच असतो. ऑक्सिजनची टाकी जड, रोज कोण आतबाहेर करणार, म्हणून ती बाहेरच पिंपरणीच्या खोडाला साखळीने बांधलेली, आणि गॅस कटरची नळी तिला गुंडाळलेली. गावातल्या एकूण एक घराच्या खिडकीची जाळी ज्या हत्यारांनी कापली आणि जोडली, ती सगळी हत्यारं रात्री ओसरीवर मुक्कामाला. माल न्यायला ट्रॉलीही तिथेच, फक्त तिची मागची फळी अजून लागलेली नसते.

शूद्रकाच्या मृच्छकटिकातला शर्विलक आठवतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठीत आणलं, तेव्हापासून हा चोर आपल्या घरचा झाला. भिंतीला भगदाड पाडायचं तर ते कमळाच्या आकाराचं पाडावं की पूर्णकुंभाच्या, याचा तो रसिकतेने विचार करतो. आणि मापाची दोरी घरी राहिली म्हणून जानव्याने माप घेतो. त्या बिचाऱ्याच्या वेळी फॅब्रिकेशनची वर्कशॉपं नव्हती. आज आला असता, तर दारातल्या लाकडी बाकावर मेजर टेप, खडू आणि गुण्या तिन्ही मिळाले असते, आणि जानवं वाचलं असतं.

खंडेनवमीला मात्र या सगळ्या हत्यारांचे लाड होतात. प्रत्येक पाना डिझेलने पुसून, हळदकुंकू लावून ओळीने मांडतात, मशीनला झेंडूची माळ घालतात. आपल्याकडे नेमकं काय-काय आहे हे मिस्त्रीला वर्षातून त्या एका दिवशी कळतं. एरवी मोजदाद करायची पाळी चोरावरच येते.

आता कॅमेरा. त्याच्याबद्दल लोक उगाच वाकडं बोलतात. कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं ज्या पेटीत साठतं, तो डीव्हीआर आत, लक्ष्मीच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवायची पद्धत आहे. त्याला निळा दिवा असतो, म्हणजे अंधारात शोधाशोध नको. चोर ग्राइंडर घेतो, तारेची भेंडोळी घेतो आणि जाता-जाता स्वतःचं चित्रीकरणही सोबत नेतो. लाईट गेली तरी कॅमेरा चालू राहावा म्हणून ठेवलेली इन्व्हर्टरची बॅटरी तर सगळ्यात आधी जाते, कारण भंगारात बॅटरीला भाव चांगला. मुद्देमाल आणि पुरावा एकाच फळीवर ठेवल्यामुळे सगळ्यांचाच त्रास वाचतो. काही धोरणी लोक खोटा कॅमेरा लावतात. नुसता डबा आणि त्यात लुकलुकणारा लाल दिवा. त्याची मी मनापासून शिफारस करतो. त्याला डीव्हीआर नसतो, त्यामुळे तो चोरीला जात नाही.

कुलपाच्या बाबतीत मात्र आम्ही तडजोड करत नाही. आर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलपं बनवायला घेतली, तेव्हापासून चांगल्या कुलपाची पारख मराठी माणसाला आहे. सात लिव्हरचं, भारी कंपनीचं, हातात घेतल्यावर वजन जाणवेल असं कुलूप मिस्त्री नगरच्या बाजारातून घासाघीस न करता आणतो. ते ज्या कोयंड्यात अडकवायचं, तो मात्र त्याने स्वतः उरलेल्या पट्टीतून बनवलेला असतो आणि दोन टाक्यांवर उभा असतो. लंडनमध्ये 1851 च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामा कंपनीचं अजिंक्य समजलं जाणारं कुलूप उघडून दाखवलं. उघडणाऱ्याला 200 गिनींचं बक्षीस अशी पाटी लावून ते कित्येक वर्षं दुकानाच्या खिडकीत ठेवलेलं होतं. हॉब्जला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले आणि सगळं इंग्लंड हादरलं. मला हॉब्जची कीव येते. त्याला कोणी कोयंडा दाखवलाच नाही. आमच्याकडचा चोर कधी पुढून आलाच, तरी कुलपाला हातसुद्धा लावत नाही. सकाळी ते तुटक्या कोयंड्यासकट जमिनीवर पडलेलं असतं, बंद, निर्दोष, एक ओरखडा नाही. कंपनीने त्याचा फोटो जाहिरातीत घ्यायला हरकत नाही.

मग फिर्याद. ‘अज्ञात चोरट्यांनी कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला व ऐवज लंपास केला’ हे वाक्य ठाणे अंमलदाराला तोंडपाठ असतं. पत्रा काढला असला तरी हात आधी तेच लिहितो. मशीनचं बिल आहे का? नाही, मशीन जुनं घेतलं होतं. नंबर? मशीनवर होता. कंपनी? हिरव्या रंगाचं होतं. मग पंचनाम्यात ‘अंदाजे किंमत’ पडते आणि हिरव्या रंगाच्या, बिनबिलाच्या, बिननंबरच्या ग्राइंडरचा तपास सुरू होतो. उद्या तो सापडलाच, तरी तो आपलाच हे मिस्त्री कशावरून सांगणार? मशीनवर पंचने दोन अक्षरं ठोकायला हातोड्याचे दोन घाव लागतात. दिवसभर लोखंडावर घाव घालणाऱ्या माणसाला हे दोन घाव जड जातात, हे कलावंताचं लक्षण समजावं. गिऱ्हाइकाच्या ट्रॉलीवर मात्र तो स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि मोबाईल नंबर वेल्डिंगनेच काढतो, तेही रंगवून.

पूर्वी तपासाचं काम जागल्या आणि रामोशी पाहत. चोरी झाली की पावलांचा माग काढायचा. माग ज्या गावाच्या शिवेत जाऊन हरवेल, त्या गावाने तो पुढे काढून द्यायचा, नाहीतर नुकसान भरायचं. पद्धत जुनाट आणि फार गैरसोयीची होती, कारण तीत कोणीतरी जबाबदार ठरत असे. आता श्वानपथक येतं, डांबरी रस्त्यापर्यंत माग काढतं आणि तिथे घुटमळतं. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, त्यामुळे कोणाच्याच शिवेचा प्रश्न येत नाही.

आणि कुत्रं घुटमळलं की माणसं बोट दाखवतात. बोट जातं ते माळावरच्या भटक्यांच्या पालांकडे. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारताने 31 ऑगस्ट 1952 रोजी त्यांना त्या शिक्क्यातून मोकळं केलं. बातमी काही चावड्यांवर अजून पोचायची आहे. या बोट दाखवण्याला खर्च शून्य, वीज लागत नाही, बॅटरी चोरीला जात नाही. पाल उठवून दिलं की गावाला चोर पकडल्याचं समाधान मिळतं आणि ज्याच्या टेम्पोतून माल गेला, त्यालाही निवांतपणा मिळतो. बहुतेक वेळा तो चहाच्या टपरीवर उभा राहून ‘यांना गावात येऊच देऊ नये’ असं म्हणत असतो.

या सगळ्या दर्शनी कारभारात जिल्ह्यातलं एकच गाव खरं बोललं, ते शनिशिंगणापूर. नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने घोडेगावला यायचं आणि आत वळायचं. नेवासा तालुक्यातलं हे गाव. उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची काळी शिळा, तिला छप्पर नाही. आणि देवाला छप्पर नको तर आम्हाला दार कशाला, म्हणून परंपरेने घरांना दारं नाहीत. रात्री कुत्री-मांजरं शिरू नयेत म्हणून कोणी फळी टेकवतात, एवढंच. ज्या गोष्टीसाठी आम्ही शटर, पट्टी, कुलपं, कॅमेरा, पाटी, लिंबू आणि बाहुली असा प्रपंच करतो, ती या गावाने एका शिळेवर सोपवली.

इथे कायद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी जरा थांबावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 331 प्रमाणे रात्री घरफोडी केली आणि हेतू चोरीचा असला, तर शिक्षा 14 वर्षांपर्यंत जाऊ शकते. माल ठेवायची जागाही त्यात धरलेली आहे, म्हणजे वर्कशॉप आलंच. शनीची साडेसाती नावाप्रमाणे साडेसात वर्षांची, कायद्याच्या जवळजवळ निम्मी. तरी लोक संहितेला भीत नाहीत, शनीला भितात. कारण शनिमहाराज बिल मागत नाहीत, मशीनचा नंबर विचारत नाहीत, आणि त्यांच्याकडे तारीख पडत नाही. शिक्षा किती मोठी आहे याचा चोर विचार करत नाही, ती होणार की नाही याचा करतो. हे शिंगणापूरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी केव्हाच ओळखलं. त्यावर विद्यापीठातून अजून पदव्या मिळतात.

तरी गावाबाहेरचं जग हुशार असतं. 2011 मध्ये युको बँकेने इथे बिनकुलपाची शाखा उघडली आणि देशभर बातम्या झाल्या. दार काचेचं, गावाच्या श्रद्धेचा मान राखणारं. आणि त्याला रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय लॉक, सहज डोळ्यांना न दिसेल असं. बँकेला मी दंडवत घालतो. आम्ही न अडवणारं कुलूप दाखवतो, तिने अडवणारं कुलूप लपवलं. आधीच्या वर्षी, 2010 मध्ये, बाहेरून आलेल्या एका भाविकाने गाडीतून सुमारे 35 हजारांचा ऐवज गेल्याची तक्रार दिली होती. गावकऱ्यांचं म्हणणं पडलं की हे गावात घडलेलं नाही. तेही बरोबरच, गाडीला दार होतं. पुढे सप्टेंबर 2015 मध्ये गावात पोलीस ठाणं आलं. आणि 2025 मध्ये देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे लाटल्याच्या आरोपावरून सायबर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. दार नसलेल्या गावात चोर मोबाईलमधून आला. तिथे पासवर्ड होता, म्हणजे दार होतं, म्हणजे तत्त्व अबाधित आहे.

बाकीच्या जिल्ह्याला शिळा नाही, म्हणून त्याला इतर दैवतांवर भागवावं लागतं. पहिलं दैवत महावितरण. शेतीच्या पंपाला आठवड्यात काही दिवस वीज रात्रीची मिळते, आणि मग मोटार चालू करायला, बारं धरायला अख्खी शिवारं जागी असतात. बॅटऱ्या फिरत असतात, कोण कुठे आहे हे एकमेकांना हाका मारून सांगितलं जातं. एवढी मोठी, बिनपगारी, डोक्याला मफलर बांधलेली गस्त कुठल्याच सरकारने ठरवून उभी केली नसती. दिवसा वीज द्या म्हणून शेतकरी मोर्चे काढतात, तेव्हा वर्कशॉपवाल्यांनी मोर्चाला पाठिंबा देण्याआधी विचार करावा.

दुसरं दैवत बिबट्या. उसाच्या पट्ट्यात त्याचं येणं-जाणं इतकं वाढलंय की अंधार पडल्यावर माणूस घराबाहेर पाऊल टाकताना दहादा विचार करतो. चोरही माणूसच आहे. पण बिबट्या चोर आणि राखणदार यांच्यात भेद करत नाही, आणि हा पक्षपात नसणं हाच त्याच्यातला दोष. रात्रपाळीला ठेवलेला म्हातारा त्याच्या धाकाने आत कडी लावून झोपतो आणि चोर टेम्पोतून येतो.

ग्रामसुरक्षा यंत्रणाही आहे. टोल फ्री नंबरवर फोन केला की तुमचा आवाज त्याच क्षणी गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाईलवर वाजतो. खरोखर चालणारी, फोन करणाऱ्याला फुकट पडणारी गोष्ट, म्हणूनच तिच्याबद्दल फार उत्साह नाही. तिचा नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर असतो, आणि फलकासमोर कोणाच्या तरी वाढदिवसाचं फ्लेक्स लागलेलं असतं. रात्री अडीचला अनोळखी नंबरवरून फोन आला, तर लोक कंपनीवाल्याला शिव्या देऊन कूस बदलतात.

चोरी झाल्यानंतर मिस्त्री गप्प बसतो असं समजू नका. तो आठवडाभरात पुढच्या शटरला आणखी एक पट्टी मारतो. आता बाजूची दोन कुलपं, मधलं सेंट्रल लॉक, पट्ट्यांची दोन. किल्ल्यांचा जुडगा एवढा होतो की खिशात मावत नाही, म्हणून तो टपरीवाल्याकडे ठेवतात, आणि टपरीवाला तो चहाच्या पातेल्यांमागे खिळ्याला टांगतो. हे सगळ्या फाट्याला ठाऊक असतं, कारण सकाळी पोरगा लवकर आला तर त्याला सापडायला हवा. मागचा पत्रा तेच नट लावून पुन्हा बसवतात. जुने नट टाकून कशाला द्यायचे, चोराने ते नीट एका जागी ठेवले होते.

आता एक सल्ला देतो. कोणी मनावर घेणार नाही, त्यामुळे या थोर परंपरेला काही धोका नाही. पत्रा बसवून झाल्यावर नट आणि आटा यांवर वेल्डिंगचा एक टाका मारायचा. मग पाना कितीही ओढा, नट फिरत नाही. एका छपराला पाव किलो रॉड पुष्कळ झाले आणि काम अर्ध्या दिवसाचं. जिल्ह्यातल्या प्रत्येक फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीन असतं, ज्याचं कालच चोरीला गेलं ते सोडून.